घोड्यांच्या मुलखात

केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन शहर आणि त्याच्या भोवतीचा प्रदेश हा अमेरिकेतील शर्यतीच्या घोड्यांचा मुलूख आहे. ओहायो राज्यातील कोलंबस येथे राहणाऱ्या आमच्या मुलीकडे जायचे ठरले, तेव्हा तिथून मोटारीने तीन-साडेतीन तासांवर असलेला हा मुलूख पाहायचाच, असे ह्यांनी पुण्याहून निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. हे पशुसंवर्धन विभागात पशुवैद्य होते. नोकरीचा बहुतेक काळ गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांत गेला; घोडा वाट्याला आला तो मुख्यतः खानदेशात असताना, दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात. जनावराला हात लावण्याआधी त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाशी बोलायचे, ही ह्यांची तेव्हापासूनची पद्धत आहे, आणि केंटकीतही प्रत्येक ठिकाणी ह्यांचा पहिला प्रश्न तोच होता, की या घोड्याचा मोतद्दार कोण. सारा प्रवास मला त्या प्रश्नाच्या अंगाने आठवतो.

एप्रिल हा महिना आम्ही मुद्दाम निवडला. या काळात शिंगरे जन्मून कुरणांत आलेली असतात, कीनलँडच्या मैदानावर वसंतातल्या शर्यती चालू असतात, आणि रस्त्याच्या कडेची रेडबड आणि डॉगवूडची झाडे गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात. मुलीने आपली गाडी दिली. सिनसिनाटीपर्यंतचा महामार्ग सरळ आणि सपाट आहे. तिथे ओहायो नदी ओलांडली की केंटकी लागते. यादवी युद्धाच्या आधी हीच नदी गुलामगिरी असलेल्या आणि नसलेल्या राज्यांमधली सीमा होती, हे पूल ओलांडताना माहीत असलेले बरे. पुढे जे काही पाहायला मिळते, त्यातले बरेचसे त्याशिवाय नीट कळत नाही.

जॉर्जटाउनच्या पुढे महामार्ग सोडून जुन्या, अरुंद रस्त्यांनी जावे. या रस्त्यांना तिकडे ‘पाइक’ म्हणतात. ओल्ड फ्रँकफर्ट पाइक आणि पॅरिस पाइक हे त्यांतले सर्वांत देखणे. दोन्ही बाजूंना हलक्या चढउतारांची कुरणे, ओकच्या चार आडव्या फळ्यांची मैलोन् मैल चालणारी कुंपणे, मधून उंच छपरांचे तबेले, आणि कुरणात शांतपणे चरणाऱ्या घोड्या. पूर्वी बहुतेक कुंपणे पांढरी असत. काळा रंग स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो, म्हणून आता काळीच अधिक दिसतात. कॅल्युमेट फार्मने मात्र आपली पांढरी कुंपणे राखली आहेत. बेकिंग पावडरच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या या फार्मने १९४१ मध्ये व्हर्लअवे आणि १९४८ मध्ये सायटेशन असे तिहेरी मुकुटाचे दोन विजेते दिले. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणाऱ्या तीन वर्षांच्या घोड्याला हा मान मिळतो.

घोडे इथेच का, याचे उत्तर जमिनीखाली आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक या भागात पृष्ठभागाच्या अगदी जवळ आहे आणि त्यात फॉस्फरसचे प्रमाणही चांगले आहे. त्यावरून आणि त्यातून वाहणाऱ्या पाण्यात, आणि त्या मातीत वाढणाऱ्या गवतात, कॅल्शियम व फॉस्फरस दोन्ही उतरतात, आणि वाढत्या वयाच्या शिंगराच्या हाडांना नेमके तेच हवे असते. आपल्याकडे खनिजमिश्रणाच्या पुड्या वाटत ह्यांची कित्येक वर्षे गेली. जे आपण खुराकातून द्यायचो ते इथे जमीनच देते, असे ते एका कुरणाच्या काठाशी उभे राहून म्हणाले. ज्या गवतामुळे या प्रदेशाला ब्लूग्रास हे नाव पडले, ते मूळचे अमेरिकेचे नाही. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर ते इथे आले आणि या मातीत असे रुजले की ते इथलेच होऊन गेले. एरवी ते हिरवेच दिसते; न कापता वाढू दिले तर वसंताच्या अखेरीस त्याच्या तुऱ्यांवर निळसर छटा येते. याच चुनखडकातून गाळून आलेल्या, लोह नसलेल्या पाण्यावर इथला बर्बन मद्याचा व्यवसायही उभा आहे, आणि बहुतेक प्रवासी घोडे आणि बर्बन अशी दोन्ही ठिकाणे एकत्र करतात. आम्ही केवळ घोड्यांसाठी आलो होतो.

रस्त्याकडेच्या दगडी भिंतींनी मला थांबवले. चुना किंवा सिमेंट काहीही न वापरता, दगडावर दगड बसवून रचलेल्या आणि माथ्यावर उभ्या दगडांची ओळ असलेल्या या भिंती पाहून आमच्या आजोळचा कोकणातला गडगा आठवला. फक्त तिथे जांभा, इथे चुनखडक. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून आलेल्या गवंड्यांनी हे तंत्र इथे पसरवले, आणि त्यांच्याबरोबरीने व त्यांच्यानंतर काळ्या गवंड्यांनी, आधी गुलाम म्हणून आणि मग स्वतंत्र कारागीर म्हणून, मैलोन् मैल भिंती रचल्या. रस्ते रुंद करताना त्यांतल्या अनेक पाडल्या गेल्या. आता उरलेल्या जपण्यासाठी आणि हे कसब नव्या गवंड्यांना शिकवण्यासाठी लेक्सिंग्टनमध्ये एक संस्था काम करते. पर्यटकांच्या छायाचित्रांत ही भिंत घोड्याच्या मागची शोभा म्हणून येते. माझ्या मते ती स्वतंत्रपणे, गाडीतून उतरून, हात लावून पाहण्याची गोष्ट आहे.

पॅरिस नावाच्या छोट्या गावाजवळ क्लेबोर्न फार्म आहे. १९१० साली सुरू झालेले हे फार्म आजही त्याच हँकॉक घराण्याकडे आहे. आधी वेळ ठरवून तिथे जाता येते. १९७३ मध्ये तिहेरी मुकुट जिंकणारा सेक्रेटेरिएट निवृत्तीनंतर इथे आला आणि १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच गेला. बेलमाँटची दीड मैलाची शर्यत त्याने २ मिनिटे २४ सेकंदांत, दुसऱ्या घोड्याला ३१ घोड्यांच्या लांबीइतके मागे टाकून जिंकली होती. मातीच्या धावपट्टीवर त्या अंतराचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. ज्या ठाणावर तो राहत असे, तिथे त्याच्या आधी त्याचा बाप बोल्ड रूलर राहत होता. खुराच्या आतल्या नाजूक थराला सूज येण्याचा जो आजार असतो, तो असह्य झाल्यामुळे सेक्रेटेरिएटला शांतपणे मरण द्यावे लागले. हा आजार ह्यांनी टांग्याच्या घोड्यांत पाहिला होता, त्यामुळे थडग्यासमोर उभे असताना ह्यांच्या मनात विक्रमाहून तो आजारच अधिक होता. इथल्या रीतीप्रमाणे मोठ्या घोड्याचे डोके, हृदय आणि खूर एवढेच पुरतात. सेक्रेटेरिएटला मात्र पूर्ण देहाने पुरले आहे. त्याच्यावरचा दगड अगदी साधा आहे.

क्लेबोर्नमध्ये आणि दुसऱ्या एका फार्मवर ह्यांनी सर्वांत अधिक प्रश्न विचारले ते पैदाशीबद्दल. गाईंमध्ये कृत्रिम रेतनाचा प्रसार करण्यात ज्यांचे उमेदीचे दिवस गेले, त्यांना थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांत कृत्रिम रेतनाला मुळीच परवानगी नाही, ही गोष्ट वाचून माहीत असली तरी प्रत्यक्ष पाहताना नवल वाटले. जातीची नोंद ठेवणारी अमेरिकेतील जॉकी क्लब ही संस्था नैसर्गिक संयोगातून जन्मलेल्या शिंगराचीच नोंद करते. त्यामुळे घोडीला पैदाशीच्या घोड्याकडे प्रत्यक्ष न्यावे लागते, आणि ज्या मुलखात चांगले घोडे एकवटले त्याच मुलखात घोड्या, त्यांचे मालक, पशुवैद्य, नालबंद, वाहतूकदार आणि लिलावघरे एकवटतात. चुनखडकाने सुरुवात करून दिली आणि या एका नियमाने सारा धंदा एका ठिकाणी बांधून ठेवला, असे मला वाटते.

उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी मानला जातो. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेले शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदावर एकाच वयाचे, पण दोन-तीन वर्षांच्या वयात चार महिन्यांचा फरक फार मोठा असतो. घोडी निसर्गतः दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. म्हणून डिसेंबरपासूनच तबेल्यात दिवे लावून तिला सुमारे सोळा तासांचा दिवस दाखवतात. पैदाशीचे शुल्क बहुधा शिंगरू जन्मून, उठून उभे राहून आईला लुचले की मगच द्यायचे असते. इंटू मिस्चिफ या घोड्याचे शुल्क काही वर्षे अडीच लाख डॉलर होते. एवढे पैसे ज्याच्या चार पायांवर उभे आहेत, त्याला पहाटे चारला चंदी घालणारा, त्याचा खरारा करणारा माणूस कोण, हे विचारल्यावर फार्मवरच्या मार्गदर्शक बाईंनी ह्यांना तबेल्यात नेऊन एका मेक्सिकन गृहस्थांशी भेट घालून दिली. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते, ह्यांना स्पॅनिश अजिबात नाही. तरीही घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाच्या गुडघ्याखाली दोघांचेही हात एकाच जागी गेले आणि बराच वेळ संभाषण चालले. मी बाजूला उभी राहून शिंगरे पाहत होते. काही दिवसांचे शिंगरू आईच्या पोटाखालून मान काढून बघत असते, तेव्हा त्याचे पाय त्याच्या शरीराच्या मानाने इतके लांब असतात की ते उभे कसे राहते याचे आश्चर्य वाटते.

या कुरणांवर २००१ च्या वसंतात एक मोठे संकट आले होते, आणि ह्यांना त्याविषयी नोकरीत असतानाच एका नियतकालिकातून कळले होते. अचानक गाभण घोड्या गाभडू लागल्या, पूर्ण दिवसांची शिंगरे मृत जन्मू लागली, आणि काही आठवड्यांत नुकसानीचा आकडा हजारांवर गेला. सुरुवातीच्या संशयांत रानचेरीच्या पानांतले विषही होते. शेवटी केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी माग काढला तो त्या चेरीवर वाढणाऱ्या, तंबूसारखे जाळे विणणाऱ्या सुरवंटांचा. त्या वर्षी त्यांची संख्या अफाट वाढली होती. गवताबरोबर ते घोड्यांच्या पोटात जात होते. घोड्यांना प्रयोगासाठी सुरवंट खाऊ घालून हे सिद्ध करण्यात आले. सुरवंटाच्या काटेरी केसांनी आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि तिथले जिवाणू रक्तात शिरून गर्भापर्यंत पोहोचतात, हे त्याचे सर्वांत मान्य स्पष्टीकरण आहे. त्यानंतर अनेक फार्मांनी कुरणांच्या कडेची रानचेरीची झाडे काढून टाकली. एका फार्मवर, जिथे पूर्वी अशा झाडांची रांग होती, ती मोकळी कड आम्हाला दाखवली गेली. पाहण्यासारखे तिथे काही नव्हते, पण ह्यांनी तिथे जितका वेळ घालवला तितका क्वचितच आणखी कुठे घालवला असेल.

कीनलँडला आम्ही दोनदा गेलो, एकदा शर्यतीच्या दुपारी आणि एकदा सकाळी. सकाळ कितीतरी अधिक मोलाची. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेले हे मैदान चुनखडकाच्या दगडी इमारतींचे आणि मोठ्या झाडांचे आहे, आणि पहाटेचा सराव पाहायला कोणालाही जाता येते. धुक्यातून आधी श्वासाचा आवाज येतो, मग टापांचा, आणि मग घोडा दिसतो. सराव झालेल्या घोड्याला लगाम धरून कितीतरी वेळ नुसते चालवत ठेवणारे, अंगावर पाणी घालणारे, पाय बांधणारे बहुतेक लोक लॅटिन अमेरिकेतून आलेले आहेत आणि त्यांच्या आपसातल्या बोलण्याची भाषा स्पॅनिश आहे. मैदानाच्या मागच्या बाजूला याच कामगारांसाठी असलेल्या खानावळीत प्रवाशांनाही न्याहारी मिळते. टेबले लांब असतात, आणि शेजारी कोण बसेल ते सांगता येत नाही. आमच्या शेजारी सरावाला घोडे पळवणारी एक तरुणी बसली होती. घोड्याचा स्वभाव तो ठाणावरून बाहेर पडताना कान कसे ठेवतो त्यावरून कळतो, असे तिने सांगितले, आणि सारंगखेड्याचे जुने व्यापारीही हेच सांगत, असे ह्यांनी तिला सांगितले.

याच मैदानावरच्या लिलावघरात दर सप्टेंबरमध्ये वर्षाच्या शिंगरांचा जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा लिलाव होतो. सारंगखेड्यात गिऱ्हाईक दात पाहते, चाल पाहते, आणि अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ हेही पाहते. इथे क्ष-किरण छायाचित्रे आणि नाकातून घशात नळी घालून केलेले चित्रण आधीच एका खोलीत ठेवलेले असते आणि खरेदीदारांचे पशुवैद्य ते तपासतात. तरीही नशिबाचा भाग संपलेला नाही. १९७५ साली लेक्सिंग्टनमधल्या दुसऱ्या एका लिलावात सिअ‍ॅटल स्लू हे शिंगरू १७,५०० डॉलरला विकले गेले आणि १९७७ मध्ये, तोवर एकही शर्यत न हरता, त्याने तिहेरी मुकुट जिंकला. त्याच आईचे पुढे जन्मलेले एक शिंगरू, सिअ‍ॅटल डान्सर, हे १९८५ मध्ये कीनलँडला १ कोटी ३१ लाख डॉलरला गेले, आणि त्याची शर्यतीतली कामगिरी त्या किमतीपुढे अगदीच बेताची राहिली.

शर्यतीच्या दुपारी आम्ही पैज लावली नाही. घोडा वळणावरून सुटताना पाहणे हे विलक्षण आहे, ते मी नाकारणार नाही. पण सुमारे पाचशे किलोचे शरीर भरधाव वेगात क्षणभर एका पायावर येते आणि त्या पायाच्या नळीच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो, हे ह्यांच्याकडून ऐकल्यावर मी शर्यतीभर पायांकडेच पाहत राहिले. दोन वर्षांच्या वयात, सांगाडा पुरता भरण्याआधी, घोड्यांना शर्यतीत उतरवणे योग्य की अयोग्य, यावर पशुवैद्यांतही मतभेद आहेत. बेताचा सराव लवकर दिल्याने हाड मजबूत होते, असा एक पक्ष आहे आणि त्यात तथ्य आहे, असे हे म्हणतात. मला ते पटले, पण माझी काळजी त्याने गेली नाही. घोड्यांच्या सुरक्षिततेसाठी साऱ्या देशाला लागू होणारे नियम २०२२ सालापासून अमलात येऊ लागले, हे मला फार उशिरा घडलेले काम वाटते.

केंटकी हॉर्स पार्क हे राज्याने १९७८ मध्ये उघडलेले विस्तीर्ण उद्यान आहे. जगभरच्या जातींचे घोडे तिथे पाहता येतात, मोठे संग्रहालय आहे, मुलांची गर्दी असते. आम्ही गेलो ते दोन थडग्यांसाठी. पहिले मॅन ओ’ वॉरचे. १९१७ मध्ये लेक्सिंग्टनजवळ जन्मलेला हा तांबूस घोडा वर्षाचा असताना ५,००० डॉलरला विकला गेला, २१ शर्यतींपैकी २० जिंकला आणि जी एक हरला ती हरवणाऱ्या घोड्याचे नाव ‘अपसेट’ होते. केंटकीत तो एकही शर्यत धावला नाही, पण निवृत्तीची सारी वर्षे त्याने इथेच काढली. त्याचा मोतद्दार विल हार्बट हा काळा गृहस्थ होता. देशभरातून येणाऱ्या लोकांना तो या घोड्याची कहाणी अशा काही रंगतीने सांगे की लोक जितके घोड्यासाठी येत तितकेच त्याला ऐकण्यासाठी येत. १९४१ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोघे एकत्र झळकले. हार्बट १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये वारला आणि महिन्याच्या आत, १ नोव्हेंबरला, मॅन ओ’ वॉर गेला. मोतद्दाराची चौकशी करणाऱ्या माझ्या नवऱ्याला इथे कोणाला काही विचारावे लागले नाही.

दुसरे थडगे आयझॅक मर्फीचे. १८७५ मध्ये पहिली केंटकी डर्बी झाली तेव्हा १५ स्वारांपैकी १३ काळे होते, आणि जिंकणारा ऑलिव्हर लुईसही काळाच होता. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ काळ्या स्वारांनी जिंकल्या. गुलामगिरीच्या काळापासून घोड्याची सारी विद्या, म्हणजे खरारा, खुराक, सराव आणि स्वारी, ज्यांच्या हातात होती, त्यांनीच हा खेळ उभा केला होता. मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन डर्बी जिंकल्या आणि आपल्या काळातला सर्वोत्तम स्वार म्हणून त्याची ख्याती झाली. १८९६ मध्ये तो ऐन तारुण्यात वारला. त्यानंतरच्या काही वर्षांत वंशभेदाचे कायदे कडक झाले, गोरे स्वार शर्यतीत काळ्या स्वारांना कठड्यावर दाबू लागले, मालक त्यांना घोडे देईनासे झाले. १९०१ आणि १९०२ ची डर्बी जिंकणारा जिमी विंकफील्ड हा डर्बी जिंकणारा शेवटचा काळा स्वार ठरला; पुढे तो रशियात जाऊन घोडे पळवू लागला. मर्फीचे थडगे तर कोणाला ठाऊकही राहिले नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शोधून काढण्यात आले आणि १९६७ मध्ये त्याचे अवशेष मॅन ओ’ वॉरच्या शेजारी हलवण्यात आले. हॉर्स पार्क झाल्यावर दोघेही तिथे आले.

मर्फीला आधी जिथे पुरले होते, ती दफनभूमी शहराच्या पूर्व भागात सातव्या रस्त्यावर आहे. आफ्रिकन सिमेटरी नंबर टू असे तिचे नाव. लेक्सिंग्टनच्या काळ्या समाजाने एकोणिसाव्या शतकात आपल्या लोकांसाठी ती राखली, आणि तिथे कितीतरी स्वार, सराव देणारे आणि मोतद्दार विसावले आहेत. प्रवाशांच्या माहितीपत्रकांत ती फारशी दिसत नाही. मला विचाराल तर या मुलखात सर्वप्रथम इथे यावे आणि मग फार्म पाहायला जावे, म्हणजे फार्मवरचा प्रत्येक दगड आणि प्रत्येक लगाम वेगळा दिसतो. आम्ही उलट्या क्रमाने गेलो आणि त्यामुळे ओल्ड फ्रँकफर्ट पाइकवरून पुन्हा एकदा जावेसे वाटले, तसे गेलोही.

परतीच्या वाटेवर जॉर्जटाउनजवळ ओल्ड फ्रेंड्स हे निवृत्त घोड्यांचे फार्म आहे. त्याच्या मागे फर्डिनंडची कथा आहे. १९८६ ची केंटकी डर्बी आणि १९८७ चा वर्षातला सर्वश्रेष्ठ घोडा हा किताब जिंकलेल्या फर्डिनंडला पैदाशीसाठी जपानला विकण्यात आले, तिथे त्याला मागणी राहिली नाही आणि २००२ मध्ये तो कत्तलखान्यात गेला. बातमी बाहेर आली तेव्हा अमेरिकेत फार मोठी खळबळ उडाली. बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात चित्रपट समीक्षक राहिलेल्या मायकल ब्लोएन यांनी २००३ मध्ये, पैदाशीतून निवृत्त झालेल्या घोड्यांनाही अखेरपर्यंत जागा मिळावी म्हणून हे काम सुरू केले. १९९७ ची डर्बी आणि प्रीकनेस जिंकलेला सिल्व्हर चार्म २०१४ च्या डिसेंबरात जपानहून इथे परत आणला गेला. उपयोग संपल्यावर घोडा परत करावा, अशी अट विक्रीच्या करारात घालण्याची पद्धतही फर्डिनंडनंतर रुजली. जिंकलेले आणि कधीच न जिंकलेले घोडे इथे शेजारी राहतात. स्वयंसेवक आपल्याला गाजरांची बादली घेऊन हिंडवतात, आणि कोणता घोडा कोणत्या बाजूने गाजर घेतो, कोणाला शेजारी आवडत नाही, कोणाच्या दाढा पडल्या आहेत, हे सारे त्यांना पाठ असते. ह्यांचा प्रश्न इथे विचारण्याआधीच संपला होता.

घोड्याच्या म्हातारपणाचा प्रश्न आपल्याकडेही होता, आणि त्यातून काहीतरी वेगळेच घडले. पुण्यात १९४६ साली सुरू झालेल्या पूनावाला स्टडमधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण धनुर्वात आणि सर्पदंशावरची औषधे घोड्याच्या रक्तातल्या द्रव्यापासून तयार होतात. आपले घोडे देऊन थांबण्याऐवजी ही औषधे आपणच का तयार करू नयेत, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. गाजर भरवता भरवता ह्यांनी हे सारे तिथल्या स्वयंसेविकेला सांगितले. तिने विचारले, की औषधासाठी रक्त देणाऱ्या त्या घोड्यांची नावे कुठे लिहून ठेवली आहेत का. त्यावर आम्हा दोघांजवळही उत्तर नव्हते. पुण्यास परतल्यावर ह्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांकडे त्याची विचारपूस सुरू केली आहे.

या मुलखावर शहराचे दडपण मोठे आहे. वारसास्थळे जपण्यासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने धोक्यात आलेल्या स्थळांच्या आपल्या २००६ च्या यादीत त्याचा समावेश केला होता. पण लेक्सिंग्टनने १९५८ सालीच शहराच्या वाढीला हद्द आखून दिली, असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर, आणि २००० पासून शेतजमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क सार्वजनिक पैशातून विकत घेऊन ती जमीन कायमची शेतीसाठी राखण्याची योजनाही चालवली. जमीन मालकाचीच राहते, त्याला मोबदला मिळतो, फक्त तिथे घरे उठत नाहीत. मांजरी-हडपसरच्या मळ्यांचे काय झाले ते डोळ्यांदेखत पाहिलेल्या आम्हा पुणेकरांनी या योजनेचा कागद मुद्दाम मागून घेतला.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एवढेच, की फार्म खासगी असल्याने आगाऊ वेळ घेतल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि एप्रिल व ऑक्टोबर या शर्यतीच्या महिन्यांत त्या वेळा लवकर भरतात. पैदाशीचा हंगाम फेब्रुवारीपासून जूनपर्यंत असतो. शिंगरे पाहायची असतील तर एप्रिल-मे उत्तम. कुंपणापलीकडे हात घालू नये, विचारल्याशिवाय काही भरवू नये. जमले तर मोतद्दाराचे नाव विचारून घ्यावे. कोणीही ते आनंदाने सांगतात.